कोठीभोवती फिरणारे आजोबा

उलागीर नदी, वरचा तळ
२८ ऑगस्ट १९९६

धाकट्या तिखोन,

तुझी चूल जळती असो. शहरात तुला चूल नाही हे ठाऊक आहे, पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही.

हे पत्र दगड तपासायला आलेल्या लोकांबरोबर धाडते आहे. परवा त्यांना न्यायला हेलिकॉप्टर येणार म्हणतात. गेल्या महिन्यातही ते परवाच येणार होतं.

मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. गुडघे वाकले की उठत नाहीत, उठले की वाकत नाहीत, त्यातच दिवस जातो. सरकारी फार्म मोडलं तेव्हापासून या वरच्या अंगाला मी, कुत्री आणि तेवीस रेनडिअर, एवढाच संसार. सगळ्यात जवळचा तंबू दोन दिवसांच्या वाटेवर. सध्या अळंब्यांचे दिवस आहेत. जनावरं वासानं वेडी होऊन चौफेर पांगतात आणि मी म्हातारी मिठाची पिशवी हलवत त्यांच्या मागं.

आता जे लिहायचं ते हळू लिहिते. तूही हळू वाच, ओठ न हलवता.

आजोबा आलेत.

नऊ दिवस झाले. संध्याकाळ झाली की मांसाच्या कोठीभोवती फिरतात, पहाटे परत. बोलत काही नाहीत. नुसते उभे राहतात, माझ्याकडं तोंड करून. परवा त्यांनी त्या तेविसांतल्या दोन माद्या नेल्या, त्यातली एक माझी ओझ्याची, शहाणी. एकवीस उरली. यंदा त्यांच्या मुखात काही पडलेलं नाही. उपाशी आहेत. मला धास्ती ही की त्यांना झोप लागणार नाही. झोप न लागलेले आजोबा हिवाळाभर फिरत राहतात आणि मग कुणाचंच काही शिल्लक राहत नाही.

मी सांगून पाहिलं. म्हटलं, "आजोबा, मी विधवा बाई, माझ्याकडं काय आहे? खालच्या अंगाला फार्मचा जुना अध्यक्ष राहतो, त्याच्याकडं पुष्कळ आहे, तिकडं जा." ऐकत नाहीत.

त्यांना झोपवायला हवं. आपल्या रक्ताच्या माणसाच्या हातचं ते काम नाही, हे तुला माहीत आहेच. तुझ्या जावयाला पाठव. गेना रशियन आहे हे तर उलट बरंच. मोठा बर्फ पडायच्या आत आला तर बरं.

कोठीतलं मांस आणि कळप दोन्ही टिकले तर हा हिवाळा मी इथं काढीन. नाही टिकले तर तुझ्या तिसऱ्या मजल्यावर, नाहीतर म्हाताऱ्यांच्या सरकारी घरात. तिथं विस्तव नसतो म्हणे, भिंतीतून गरम नळ्या जातात. सकाळचा पहिला घास मी कुणाला भरवू, नळीला?

दमले आहे रे. दुपारी थोडा डोळा लागतो तेवढाच.

तुझी अक्का,
अगाफ्या

---

शहरातून
१६ सप्टेंबर १९९६

अक्का,

तुझं पत्र अठरा दिवसांनी पोचलं. रईसानं ते जिन्यातच फोडलं आणि वर येऊन म्हणाली, "बाबा, आत्याला डॉक्टरकडं न्यायला हवं. तिला तुमचे आजोबा दिसतात."

मी म्हटलं, "दिसत असतील."

"मेलेले?"

"मेलेलेच. जिवंत होते तेव्हा सगळ्यांनाच दिसायचे, त्यात काय विशेष?"

ती चहा ठेवायला गेली. मी मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगतो, कारण आता सांगितलं नाही तर कधी? चव्वेचाळीस वर्षं माझं डोकं दुखतं आहे. उजव्या डोळ्याच्या वर, रोज. तीन डॉक्टर झाले. एकानं चष्मा दिला, एकानं दात काढले, एकानं दारू सोड म्हणून सांगितलं, ती मी पीतच नव्हतो. मला कारण माहीत होतं. आपल्या घरात ज्याला पितर आपल्याशी बोलायला निवडतात तो आधी आजारी पडतो, त्यानं हो म्हटलं की बरा होतो. मी हो म्हटलं नाही. पळालो आणि रेल्वेत लागलो, मग बॉयलरवर. आजोबा इथवर येणार नाहीत असं वाटायचं. त्यांना रुळांचा आवाज आवडायचा नाही.

आता ते तुझ्या कोठीभोवती फिरताहेत, उपाशी, झोप नाही. माझ्यामुळं. तुझ्या दोन माद्या गेल्या त्याही माझ्यामुळंच. हा हिवाळा तुला तुझ्या जागी काढता आला नाही तर तोही दोष माझा.

पण एक विचारू? गेनाला का? चव्वेचाळीस वर्षं मी इथं डोकं धरून बसलो आणि त्यांना हवा तो वीजदुरुस्तीवाला, ज्याला आपल्या भाषेतला 'चहा' एवढाच शब्द येतो? मी काही रागावलो नाही. वाईट वाटलं, एवढंच.

तरी तुझा शब्द म्हणून गेनाला विचारलं. तो भाकरीला लोणी लावत होता. म्हणाला, "तुमच्या मेलेल्या आजोबांनी मला बोलावलंय? बरं. बंदूक न्यायची का?"

मी म्हटलं, "त्यांच्यासाठी नाही. वाटेसाठी ने."

"मग त्यांच्यासाठी काय नेऊ?"

"तंबाखू."

ऑक्टोबरात उस्त-उलागीरला ट्रक जाणार आहे, त्यात जागा मिळाली तर येईल. पोरगा चांगला आहे. फक्त सगळ्याच गोष्टी तो एकाच आवाजात बोलतो.

सोबतचा दुमडलेला कागद आजोबांचा आहे. कोठीपाशी उभी राहून मोठ्यानं वाच. एक अक्षर गाळू नकोस.

तिखोन

*(दुमडलेला कागद)*

आजोबा,

मी तिखोन. त्या वसंतात तुम्ही अंथरुणावर होतात आणि नदीचा बर्फ फुटत होता. तुम्ही माझ्या मनगटाला धरलंत आणि म्हणालात, "घे." मला कळलं तुम्ही काय देत होतात. तुमचे ते सगळे, पाण्यातले, झाडावरचे, ज्यांच्याशी तुम्ही रात्रभर बोलायचात आणि सकाळी आजारी माणसापेक्षा जास्त थकलेले असायचात. मी अठरा वर्षांचा होतो. मला सिनेमाला जायचं होतं. मी हात सोडवून घेतला. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी तुमच्या हाडांपाशीही उभा राहिलो नाही.

मला पुन्हा त्या वयात नेऊन उभं केलंत तरी मी बहुतेक तेच करीन. पण हात इतक्या जोरात झटकायला नको होता. अक्काला त्रास देऊ नका. तिनं काही केलेलं नाही. जे मागायचं ते माझ्याकडं मागा, पत्ता पाकिटावर आहे.

---

उलागीर नदी, वरचा तळ
३ ऑक्टोबर १९९६

येड्या,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. मग कुत्रीला वाचून दाखवलं. तीही बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.

अरे, आजोबा म्हणजे ते. रानातले. ज्यांचं नाव आपण तोंडानं घेत नाही. अंगात केसाळ कोट, चालताना पावलं आत वळतात, मुंग्यांचं वारूळ दिसलं की सगळी कामं टाकून बसतात. आजीनं तुला शंभरदा सांगितलं होतं, त्यांचे कान जमिनीला लागलेले असतात, नाव घेतलं की उठतात, झोपवायची भाषा केली तर आधीच येऊन दारात उभे राहतात. म्हणून मी आडून आडून लिहिलं. पहिल्याच ओळीत समजशील असं मला वाटलं. बॉयलरच्या आवाजानं तुझे कान गेले की काय?

आणि जावई का, हेही विसरलास. आपण त्यांचे नातलग. नातलगानं त्यांच्या अंगावर हात टाकायचा नाही. म्हणून बाहेरच्या कुळाचा माणूस, जावई सगळ्यात बरा. नंतर सगळ्यांनी त्यांना सांगायचं असतं, "आजोबा, हे आम्ही नाही केलं, कुणी रशियन आला होता." आपल्या वाडवडिलांनी हे खोटं इतकी वर्षं सांगितलं. गेना आला असता तर एकदा तरी खरं झालं असतं.

आता नीट ऐक. तुझा कागद मी वाचला.

खालच्या तळावरच्या सावेलीनं तुझं पाकीट आणून दिलं तेव्हा दुपार होती. तो चहा पिऊन गेला. आजोबा समोरच्या उतारावर होते, एक कुजका ओंडका उलथत होते, माझ्यापासून दोन दोरखंडांच्या अंतरावर. मी मनात म्हटलं, याला सगळं उलटं कळलंय. कागद विस्तवात टाकणार होते. पण वर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'आजोबा'. आणि दुसरे कुणी आजोबा तिथं हजर नव्हते. मी कोठीला टेकून उभी राहिले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

मला वाचायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. मी अक्षरं शिकले ती चहाच्या पुड्यांवरून आणि फार्मच्या नोटिसांवरून, त्यामुळं 'मनगट' असला शब्द आला की अडखळते. दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्यांनी ओंडका सोडला आणि मान वर केली. "पत्ता पाकिटावर आहे" इथं आले तेव्हा ते खाली बसले होते, आपल्या वडिलांसारखे, हात मांडीवर टाकून. मग उठले आणि पाण्याकडं गेले. आज नऊ दिवस झाले, आलेले नाहीत. एकवीस जनावरं आहेत तेवढी आहेत.

म्हणून गेनाला पाठवू नकोस. ज्यानं तुझं बोलणं बसून ऐकलं त्याच्यावर बंदूक धरायला मला सांगवणार नाही. ते आजोबा की आपले आजोबा, हे मला विचारू नकोस. आपल्या भाषेत शब्द एकच आहे, आणि ज्यांनी तो एकच ठेवला त्यांना शब्दांची टंचाई नव्हती.

आता दुसरी गोष्ट. ही लिहू का नको म्हणून दोन दिवस पेन्सिल हातात धरून बसले होते.

त्या वसंतात अंथरुणाच्या दुसऱ्या बाजूला मी होते. तू दाराच्या बाजूला होतास, तुझ्या डोळ्यांवर उजेड येत होता. आजोबांच्या उजव्या हातात कप होता. ऊन चहा, मीच दिलेला. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, कप कलंडत होता आणि छातीवर सांडणार होता. त्यांनी डाव्या हातानं तुझं मनगट धरलं आणि म्हणाले, "घे." म्हणजे कप घे. तू हात झटकलास आणि बाहेर पळालास. कप मी घेतला.

उरलेला चहा मी प्यायले. टाकायचा कशाला?

त्याच हिवाळ्यात पांढरा करकोचा यायला लागला. झोपेत येतो, दाराशी एका पायावर उभा राहतो आणि मी उठेपर्यंत हलत नाही. मग मला नदीच्या खालच्या अंगाला घेऊन जातो, जिथं आपले गेलेले लोक राहतात. तुला वाटत असेल तिथं काही फार मोठं चालत असेल. कसलं काय! म्हातारी माणसं तिथंही तक्रारीच करतात. एकाचे पाय गार, एकाला तंबाखू हवी, आपल्या मोठ्या काकूला अजून कळत नाही की तिची सुई कुणी नेली. मी ऐकून घेते, परत येते, ज्याच्या घरचं असेल त्याला सांगते. "तुझा बाप थंडीनं कुडकुडतोय, विस्तवात थोडी चरबी टाक." तो टाकतो, आणि कधी कधी त्याचं पोर तापातून उठतं. फार्मवाल्यांना कळू दिलं नाही. माझ्या नवऱ्यालाही अर्धंच माहीत होतं.

चव्वेचाळीस वर्षं हे चाललंय. तुला सांगितलं नाही, कारण तू शहरात सुखात आहेस असं मला वाटायचं आणि एकाला तरी सुखात राहू द्यावं असंही वाटायचं. तू तिथं डोकं धरून बसला होतास हे मला कुणी सांगितलं असतं तर पुढच्याच हेलिकॉप्टरनं येऊन तुझ्या कानाखाली दिली असती.

सावेली आज पुन्हा आलाय, परत जाताना पत्र नेणार आहे. खोकतोय. तिकडं त्याच्या आईलाही एकदा विचारायला हवं.

अगाफ्या

---

शहरातून
२० ऑक्टोबर १९९६

अक्का,

अस्वल. तीन अक्षरं आहेत, लिहायला फार शाई लागत नाही. "अस्वल आलंय, गेनाला बंदूक घेऊन पाठव" असं लिहिलं असतंस तर सप्टेंबरातच काम झालं असतं आणि मी एका अस्वलाला माफीचं पत्र लिहिलं नसतं. रईसा शेजारणीला सांगून हसत होती. मग मी स्वयंपाकघरात आलेला दिसलो आणि तिनं बटाटे सोलायला घेतले.

गेना नऊ तारखेलाच निघाला. तुझं 'पाठवू नकोस' आज मिळालं. ट्रक अडला नसेल तर हे वाचशील तेव्हा तो तुझ्याकडं पोचलेला असेल. जे करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी आता कशाबद्दलच खात्रीनं बोलणार नाही.

कप मला दिसला नव्हता. त्या दुपारचं मी सगळं आठवून पाहिलं. त्यांची बोटं आठवतात, तंबूला पडलेलं भोक आठवतं, तुझी निळी ओढणी आठवते. कप नाही. एवढा मोठा चहाचा कप.

मी तुझ्यावर चिडलो आहे. कशासाठी ते नीट सांगता येत नाही. मी पळालो त्यापासून तू वाचलीस असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तू तर माझ्या वाटणीचं घेऊन बसली होतीस आणि वर मला सणासुदीला सुकं मांस पाठवत होतीस.

डोकं अजून दुखतंच आहे. म्हणजे ते नुसतं डोकंच होतं.

तिखोन

---

उलागीर नदी, वरचा तळ
१० नोव्हेंबर १९९६

तिखोन,

तू पत्रात तो शब्द लिहिलास तो कोपरा मी फाडून विस्तवात घातला. असं पुन्हा करू नकोस. आता ऐकणारे ते राहिले नाहीत, तरी त्यांचे भाऊबंद आहेत.

ते परत आले. चौदा ऑक्टोबरला पहिला बर्फ पडला आणि पंधराच्या पहाटे कुंपणाशी त्यांची पावलं होती. त्या आठवड्यात त्यांनी माझी नऊ जनावरं मारली. खाल्ली थोडी, मारली जास्त. शेवटची ती पांढऱ्या कपाळाची, कळपाच्या पुढं चालणारी. एकवीसची बारा झाली. मी भांडं वाजवत मधे उभी राहिले, तर मला वळसा घालून गेले. मला काही केलं नाही. मी तुझा कागद पुन्हा वाचून पाहिला. या खेपेला थांबले नाहीत.

गेना वीस तारखेला सावेलीच्या घसरगाडीवरून आला. नाक लाल, हातात तंबाखूचा डबा. म्हणाला, "आत्या, हा डबा कुणाला द्यायचा? मामंजी म्हणाले, आजोबांना."

मी म्हटलं, "ते संध्याकाळी येतील. तोवर जेव."

जेवताना त्याला सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या रशियनमध्ये. तुझा कागद, ते खाली बसले ते, आणि नऊ जनावरं. तो म्हणाला, "तुमच्या मनात काय आहे?" मी म्हटलं, "माझ्या मनात काही नाही. मला झोप हवी आहे." तो बंदुकीच्या नळीतून चिंधी फिरवत बसला. तू म्हणतोस ते खरं आहे, तो सगळं एकाच आवाजात बोलतो. मला ते बरं वाटलं. इतके दिवस मी स्वतःशीच वेगवेगळ्या आवाजांत बोलत होते.

संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच ते आले. कोठी आणि कुंपण यांच्या मधे. मी पुढं होऊन म्हटलं, "आजोबा, राग धरू नका. तुम्ही थकलात, मीही थकले." आणि बाजूला झाले. गेनानं दोनदा बार काढला.

मग मी कावळ्यासारखी ओरडले, आपल्यात ओरडतात तशी, आणि म्हटलं, "आजोबा, आम्ही नाही. कावळे आलेत. मारणारा रशियन होता." गेनाला 'रशियन' तेवढं कळलं. बंदूक खाली ठेवून म्हणाला, "आत्या, तुम्हीच बोलावलंत ना मला? मग नाव कशाला सांगता?" मी समजावलं, की हे खोटं बोलायची रीत आहे, पण तू खरोखरच रशियन निघालास, त्याला आम्ही काय करणार. त्यानं थोडा विचार केला. मग टोपी काढून त्यांच्याकडं वळला आणि स्वतःच म्हणाला, "हो, मीच. गेन्नादी." पत्तासुद्धा सांगणार होता, मी थांबवलं.

सोलताना त्यांचं तोंड पाहिलं. दात झिजून गेलेले, मागचे तर नव्हतेच. बरगड्यांवर चरबीचा बोटभर थर नव्हता. म्हातारे होते रे. एवढ्याशा चरबीवर बिळात शिरले असते तर वसंत दिसला नसता, हे त्यांना कळत होतं, म्हणून झोपत नव्हते. मी बराच वेळ त्यांचा पंजा धरून बसले. गेनानं तंबाखूचा डबा उघडून त्यांच्या तोंडाशी ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

करकोचा त्या दिवसापासून आलेला नाही. दाराकडं बघून बघून झोप उडते, ही आणखी एक गंमत.

आता तुझं काम. हाडं सगळी वेगळी करून सालीत बांधली आहेत, एकही मोडलेलं नाही. डोकं आतल्या फळीवर आहे. मारायला परका लागतो, पण हाडं झाडावर चढवायला रक्ताचा माणूस लागतो आणि तो पुरुष असावा लागतो. सावेली करायला तयार आहे. तो लांबचा आहे. मी त्याला थांब म्हटलंय.

बारा जनावरं एकटीला जमणार नाहीत. लाकूड फोडायला आणि नदीच्या बर्फातल्या भोकातून पाणी काढायला दुसरे हात असले तर जमतील. सावेली म्हणतो, नाताळात त्याच्या गाडीवरून मला खाली सोडतो, तिथून शहर. मी त्याला हो किंवा नाही म्हटलेलं नाही. तुला 'ये' असंही म्हणत नाही. डोकं फळीवर आहे, एवढंच कळवते.

गेनाबरोबर हे पत्र देते. त्याला दोन शब्द नवीन शिकवलेत. रईसासमोर बोलू देऊ नकोस.

अगाफ्या

---

उलागीर नदी, वरचा तळ
८ डिसेंबर १९९६

रईसा, गेना,

पोचलो. ट्रकमध्ये चार दिवस, सावेलीच्या गाडीवर दोन. पाठ इतकी दुखली की वाटेत डोक्याची आठवण झाली नाही. गेना, तू म्हणाला होतास की शेवटची टेकडी सोपी आहे. ती सोपी नाही.

अक्का दारात उभी होती. मी तिला चार वर्षांनी पाहत होतो. माझ्या मनात बोलायचं पुष्कळ होतं. ती म्हणाली, "दार लाव, ऊब जाते." मी लावलं. मग तिनं माझ्या हातमोज्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "हे शहरात चालतात?" मी म्हटलं, चालतात. "इथं चालणार नाहीत," म्हणाली आणि तिच्या नवऱ्याचे जुने काढून दिले.

दुसऱ्या दिवशी हाडं नेली. दोन झाडं सहा फूट उंचीवर तोडून त्यांवर माची बांधायची असते. मला गाठ येईना. अक्का खालून सांगत होती, "डावीकडून. अरे डावीकडून. तुझा डावा हात कुठला तेही विसरलास का?" डोकं मी सगळ्यात शेवटी ठेवलं, तोंड मावळतीकडं. ते हातात धरलं तेव्हा वाटलं होतं तितकं जड नव्हतं.

मग मी उभा राहिलो. रईसा, तू हसशील, पण मी काहीतरी होण्याची वाट पाहत होतो. एखादा पक्षी, एखादा आवाज. काही झालं नाही. झाडावरचा बर्फ कॉलरमधून आत गेला. मी म्हटलं, "आजोबा, मी तिखोन. तेव्हा आलो नाही. आज आलो." आणि आणखी काही सुचलं नाही, म्हणून खाली उतरलो.

मी अक्काला विचारलं, "ऐकलं असेल का त्यांनी?"

ती म्हणाली, "मला काय विचारतोस? तुला जे सांगायचं ते सांगितलंस ना? मग चल. जनावरांनी बर्फ उकरायला सुरुवात केलीय, लांब जातील."

आम्ही सगळी बारा गोळा केली. पाणी मी काढलं, लाकूड मी फोडलं, तीन ओंडके वाकडे फुटले. तिनं ते पाहिले आणि काही बोलली नाही. हे तिच्या स्वभावात बसत नाही, म्हणून मी घाबरलो. जेवताना तिचा हात मधेच थांबत होता. मी म्हटलं, "अक्का, पड जरा." ती म्हणाली, "विस्तव कोण बघणार?" मी म्हटलं, "मी बघतो. तीस वर्षं दुसरं काय केलं? सगळ्या वॉर्डाचा बॉयलर बघितला." तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी लहानपणी ओढा ओलांडतो म्हणायचो तेव्हा पाहायची. मग विस्तवाला एक घास भरवायला लावला, माझ्या हातानं. भरवला. "कमी दिलास," म्हणाली. आणखी दिला.

ती बुटांसकट आडवी झाली. मी बूट काढले तरी जागी झाली नाही.

सावेलीला सांगितलं आहे की नाताळात गाडी आणू नकोस. मी बर्फ वितळेपर्यंत इथंच आहे. माझी पेन्शन घेत जा आणि जिन्यातल्या दिव्यासाठी कुणाच्या मागं लागू नका, गेना दुरुस्त करील.

हे लिहितो आहे तेव्हा ती झोपली त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार उलटून गेली आहे. अक्का अजून झोपलेली आहे. कुत्री एकदा तिच्या तोंडाजवळ जाऊन वास घेऊन आली, मीही दोनदा वाकून श्वास बघितला. चांगला चाललाय, घोरते आहे. मधेच एकदा कुणाला तरी झोपेतच म्हणाली, "आज नाही, उद्या ये." मी उठून दारात पाहिलं. कुणी नव्हतं. मी आणखी दोन लाकडं घातली.

बाबा